वेगासचं ब्लॅकजॅक टेबल: बसायच्या आधी कापडावर छापलेले नियम वाचा

मागच्या महिन्यात लास वेगासला स्ट्रिपवरच्या (बड्या कॅसिनोंच्या मुख्य रस्त्यावरच्या) एका मोठ्या हॉटेलच्या कॅसिनोत ब्लॅकजॅक, म्हणजे २१ च्या वर न जाता डीलरला हरवायचा पत्त्यांचा खेळ, खेळलो, नाव नाही देत. जागा मस्त, डीलर बाई एकदम प्रेमळ, पण टेबलाचे नियम बघून खरंच वाईट वाटलं. १५ डॉलरच्या टेबलवर ब्लॅकजॅक (पहिल्या दोन पत्त्यांतच एक्का आणि दहाच्या किमतीचा पत्ता) लागला की ६:५ ने पैसे, म्हणजे १८ डॉलर, आणि जुन्या ३:२ ने साडेबावीस मिळाले असते. साडेचार डॉलरच तर आहेत असं वाटतं ना, पण ब्लॅकजॅक साधारण २१ हातांत (म्हणजे डावांत) एकदा येतो, त्यामुळे तासाला ६०-७० हात सहज होतात तिथे हे साठत जातं, आणि या एका नियमानेच कॅसिनोचा फायदा जवळपास १.४ टक्क्यांनी वाढतो. हे फार आहे हो, कारण चांगल्या नियमांच्या टेबलवर नीट बेसिक स्ट्रॅटेजीने (कोणत्या पत्त्यांना काय करायचं याच्या ठरलेल्या गणिती तक्त्याने) खेळलं तर कॅसिनोचा एकूण फायदाच अर्धा टक्का असतो!

वर डीलर सॉफ्ट १७ वर (एक्का ११ धरून झालेल्या १७ वर) पण पत्ता घेत होती, त्याने आणखी ०.२ टक्के गेले. सरेंडर (अर्धे पैसे सोडून डावातून बाहेर पडणं) नव्हतं, पण त्याचा फरक तसा किरकोळ. स्प्लिटनंतर (सारखे दोन पत्ते वेगळे करून दोन डाव केल्यावर) डबल, म्हणजे पैज दुप्पट करून एकच पत्ता घेणं, करू देत होते, ते आवडलं.

३:२ चं टेबल होतं, पण मिनिमम ५० डॉलर. माझ्या बजेटबाहेर, म्हणून उठलो आणि डाउनटाउनला (वेगासच्या जुन्या भागात) गेलो, तिथे १५ मध्येच ३:२ मिळालं.

हॉटेलला ५ पैकी ४, ब्लॅकजॅकला १.