आठ महिन्यांनंतर: कलाशिक्षकांचा समावेशक कोर्स आणि ती जाळीची फळी

गेल्या गुरुवारी सातवीच्या तासाला चित्र काढायच्या एका जाळीच्या फळीच्या पिना सुटल्या आणि जाळी गुंडाळून वर आली. ती फळी वापरणाऱ्या मुलीला दिसत नाही. हात फिरवून म्हणाली, "सर, माझी जाळी गेली की!" शेजारच्या पोरानं लगेच आपली फळी तिच्यापुढं सरकवली. घरी आल्यावर वाटलं, आता या कोर्सबद्दल लिहायलाच हवं. दिव्यांग मुलांना बाकीच्यांबरोबर एकाच वर्गात चित्रकला कशी शिकवायची, ते कलाशिक्षकांना सांगणारा हा कोर्स; ती फळी त्याच्याच किटमधली.

कोर्स किती आठवड्यांचा, काय काय आहे, ते इथं सांगत बसत नाही. फी साडेसहा हजार, किटचे अठराशे वेगळे. शाळेनं काही दिलं नाही, पगारातून भरले. म्हणून रुपयान् रुपयाचा हिशोब मांडणार.

सुरुवातीची दोन सत्रं २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातले २१ प्रकार वाचून दाखवण्यात गेली. यादी महत्त्वाची आहेच, पण ती कुठंही फुकट वाचता येते. मला हवं होतं ते वेगळं: तास ३५ मिनिटांचा, वर्गात ५२ मुलं, त्यात एकाला ऐकू येत नाही, तर वस्तुचित्र शिकवायचं कसं?

मग किट आलं. खोक्यात काय, तर हार्डबोर्डवर पिना मारून ठोकलेली खिडकीची डासांची जाळी, आणि मेणखडूंची पेटी. अठराशे रुपयांत! मी त्याच दिवशी कोर्सवाल्यांना फोन केला, दोन दिवसांनी पुन्हा केला. "सहाव्या सत्रात कळेल" एवढंच उत्तर. फळी कपाटावर टाकून दिली. तेव्हा लिहिलं असतं तर पाचपैकी एक तारा दिला असता.

सहाव्या सत्रात खरंच कळलं. जाळीवर साधा झेरॉक्सचा कागद ठेवायचा आणि मेणखडू दाबून रेघ ओढायची. खालच्या जाळीमुळं रेघ खरखरीत, उठावाची होते. काढणाऱ्याला आपली रेघ बोटानं लगेच वाचता येते. ड्रॉइंग पेपर घेऊ नका, जाड कागदात उठाव बुडतो. ऑइल पेस्टल हाताला लागून फरफटतं. पेन्सिलीच्या टोकानं कागद फाटतो. मेणखडूच.

गुरुवारी जिची जाळी गेली ती मुलगी पाचवीपासून आमच्या शाळेत आहे. चित्रकलेच्या तासाला तिला ग्रंथालयात बसवायचे. मीही दोन वर्षं बसवलं. फळी दिली त्या पहिल्या दिवशी तिनं एक वर्तुळ काढलं, सुरुवात नि शेवट जुळला का ते बोटानं तीनदा तपासलं, आणि पूर्ण तास वर्तुळंच काढत राहिली.

पुढं स्मरणचित्राला 'रंकाळ्यावरची संध्याकाळ' दिलं. बाकीच्यांचा सूर्य, पाणी, भेळेच्या गाड्या. तिनं घाटाच्या पायऱ्या काढल्या, एकाखाली एक, मोजून. बाजूला कठड्याचा खडबडीत दगड आणि भेळेचा कागदाचा पुडा, हातात धरतो तेवढाच मोठा. त्या चित्राला यथार्थदर्शनाचे, म्हणजे जवळचं मोठं नि लांबचं लहान दाखवण्याचे, गुण कसे द्यायचे, हे कोर्समध्ये कुणी सांगितलं नाही. शासकीय रेखाकला परीक्षेबद्दल तर एक शब्द नाही, आणि पालक आम्हाला पहिला प्रश्न तोच विचारतात. ही मोठी उणीव.

आता फळीची मजबुती. किटमधली जाळी नायलॉनची, महिन्याभरात सैल पडते आणि रेघ उठत नाही. कोल्हापूरच्या पावसात हार्डबोर्ड फुगला, पिना गंजल्या. मी लक्ष्मीपुरीतून ॲल्युमिनियमची जाळी आणली, प्लायच्या तुकड्यांवर ताणून ठोकली. कडा बोटाला टोचतात म्हणून वह्या बांधायची कापडी पट्टी चिकटवली. एक फळी साधारण नव्वद रुपयांत पडली. अशा बारा केल्या, कारण कोर्समधली मला सगळ्यात पटलेली गोष्ट हीच की वेगळी वस्तू एकट्या मुलापुढं ठेवू नये, वर्गात सगळ्यांना घेता यावी. गुरुवारी सुटली ती किटमधली. माझ्या बारा शाबूत आहेत.

बिनपैशाची गोष्टही मिळाली. फळ्याकडं तोंड करून काढता काढता बोलायची माझी सतरा वर्षांची सवय. ऐकू न येणाऱ्या मुलानं माझा हात बघायचा की ओठ? आता आधी गप्प राहून काढतो, मग वळून बोलतो. त्यामुळं बाकीची पोरंही शांत बसतात. ओल्या शाडूला हात न लावणाऱ्या एका स्वमग्न मुलाला माती प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून दिली. पिशवीतूनच दाबून त्यानं उंदीर केला.

पण एका गोष्टीचा राग अजून गेलेला नाही. कोर्सच्या व्हिडिओंना मजकूरपट्टी (सबटायटल) नाही. कागलच्या एक बाई माझ्याबरोबर कोर्सला होत्या, त्यांना कमी ऐकू येतं. चार महिने आम्ही दोघांनी ईमेल केले. "तांत्रिक विभागाकडे पाठवलं आहे." शेवटी दोन सत्रांचं बोलणं मीच हातानं लिहून त्यांना दिलं. समावेशक शिकवणाऱ्यांनी स्वतःच्याच कोर्सला आलेल्या शिक्षिकेला बाहेर ठेवावं, हे मला मान्य नाही. हे होईपर्यंत तीनच तारे.

फी द्या, किट घेऊ नका. रविवारी त्या तुटलेल्या फळीवर ॲल्युमिनियमची जाळी ठोकतोय. सोमवारी सातवीचा तास पहिलाच आहे.