जाम होणारा कॅलिपर: कुठे कोणतं ग्रीस चालेल?

कॅलिपर म्हणजे डिस्क ब्रेकचे पॅड डिस्कवर दाबणारा भाग. तो जाम होत असेल तर ग्रीसची ट्यूब घेण्याआधी नेमकं काय अडकतंय ते शोधा. गाडी जॅकस्टँडवर घेऊन चाक हाताने फिरवा. जड फिरत असेल तर कॅलिपरवरचा ब्लीडर स्क्रू (ब्रेक ऑइल आणि हवा बाहेर सोडण्याचा) पाव फेरा सैल करा. थोडं ब्रेक ऑइल बाहेर येऊन चाक मोकळं झालं, तर दाब लाइनमध्ये अडकला होता. बहुतेकदा होज आतून फुगलेला असतो आणि त्याला कुठलंच ग्रीस उपयोगाचं नाही. चाक तसंच जड राहिलं तर पॅड बघा. बाहेरचा पॅड जास्त झिजलाय किंवा पॅड तिरका झिजलाय, तर संशय स्लाइड पिनवर, म्हणजे ज्यांवर कॅलिपर सरकतो त्या पिनांवर. आतला जास्त झिजलाय, तर आधी ऑइलच्या दाबाने पॅड ढकलणारा पिस्टन तपासा.

दोष पिनचा असेल तर निवड रबर ठरवतं. डॉट ३ किंवा डॉट ४ ब्रेक ऑइल वापरणाऱ्या ब्रेकमध्ये सील आणि बूट (धूळ-पाणी रोखणारी रबरी टोपणं) सहसा ईपीडीएम रबराचे असतात. हे रबर खनिज तेल शोषून फुगतं. काही कॅलिपरमध्ये एका पिनवर रबरी बुशही असतो. तो फुगला की पिन आधीपेक्षा घट्ट बसते, म्हणजे ग्रीस लावूनच कॅलिपर जाम केल्यासारखं.

म्हणून पिनसाठी पहिली पसंती सिलिकॉन ग्रीसला. रबराला ते सोसतं, पाण्याने सहज धुपत नाही आणि साधारण २०० अंश सेल्सिअसपर्यंत टिकतं. पण धातूवर धातू जोरात घासतो तिथे त्याचा थर तग धरत नाही, त्यामुळे पॅडच्या कानांना, म्हणजे खाचेत सरकणाऱ्या त्याच्या टोकांना, ते कमी पडतं.

तिथे सिरॅमिक किंवा मॉलिब्डेनम कण असलेलं सिंथेटिक ब्रेक ग्रीस सरस. ट्यूबवर ‘ईपीडीएमसाठी सुरक्षित’ असं लिहिलं असेल तर ते पिनलाही चालतं, आणि एकच ट्यूब घ्यायची असेल तर हीच घ्यावी. रबरी बुश असलेल्या पिनला मात्र सिलिकॉनच बरं. ट्यूबवरच्या १००० अंशांच्या आकड्याला भुलू नका. तो घन कणांचा असतो, तेल त्याच्या कितीतरी आधी उडून जातं. उरलेली कोरडी भुकटी पॅडच्या कानांवर चालते, पिनच्या भोकात ती अडसरच.

कॉपर ग्रीस पिनला नको. त्यातलं तेल बहुधा खनिज असतं, शिवाय ॲल्युमिनियमच्या कॅलिपरवर तांबं आणि खारट पाणी एकत्र आले की धातू कुरतडला जातो. लाल रबर ग्रीस वनस्पती तेलावर बनतं. कॅलिपर उघडून नवं सील बसवताना पिस्टन, सील आणि धुळीच्या बुटासाठी ते योग्य, पॅडजवळच्या उष्णतेसाठी नाही. पांढरं लिथियम किंवा बेअरिंगचं ग्रीस टाळा. नुसत्या ‘लिथियम’ शब्दाने मात्र गोंधळू नका: काही गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये पिनसाठी ग्लायकॉल आधारित लिथियम सोप ग्रीसच सांगितलेलं असतं आणि ते रबराला चालतं. गंज सोडवणारा स्प्रे पिन बाहेर काढण्यापुरता ठीक. तो उरलंसुरलं ग्रीस विरघळवतो आणि पॅडवर उडाला तर पॅड बाद.

लावण्याआधी कॅलिपर तारेने बांधून ठेवा, होजवर लटकू देऊ नका. कोणती पिन वर होती, कोणती खाली, ते लक्षात ठेवा. पिन ब्रेक क्लीनरने पुसा, भोकातलं जुनं ग्रीस ब्रशने काढा. वेगवेगळी ग्रीस एकमेकांत मिसळली की कधी पातळ होतात, कधी गोळे धरतात. पिनला सँडपेपर लावू नका, वरचा मुलामा गेला की गंज लवकर धरतो.

एका पिनला सुमारे १ ग्रॅम, म्हणजे पातळ सलग थर पुरतो. बुटाच्या कडेला आतून थोडं लावा. पॅडच्या कानांना अगदी पुसट हात. घासणारा पृष्ठभाग आणि डिस्क कोरडीच राहिली पाहिजे.

भोक ग्रीसने भरू नका. ते एका बाजूने बंद असतं. पिन आत ढकलून सोडल्यावर ती परत बाहेर येत असेल तर आत हवा कोंडलीय किंवा ग्रीस जास्त झालंय. बुटाची कड उचलून हवा जाऊ द्या, जास्तीचं ग्रीस पुसा आणि बोल्ट मॅन्युअलमधल्या टॉर्कला घट्ट करा. पिनवर गंजाचे खड्डे नखाला लागत असतील, तर ग्रीसऐवजी नव्या पिन आणि बूट घ्या.