‘इंजिन नव्यागत करून देतो’ म्हणाला आणि माझा पंपच नेला

ट्रकचं इंजिन धुवायला दिलं आणि ६८,५०० रुपये गेले. आकडा आधीच सांगतो, कारण विचारणारा प्रत्येक जण पहिल्यांदा तोच विचारतो आणि मग माझ्या तोंडाकडं बघत बसतो. त्यातले २८,२०० मी स्वतःच्या हातानं, मोबाईलवर स्कॅन करून दिले. उरलेले ४०,३०० गाडी परत रस्त्यावर आणायला गेले. गाडी उभी राहिली त्या दिवसांचं भाडं यात धरलेलं नाही.

माझी टाटा १६१३ आहे, ट्रक, २००९ चं मॉडेल. एकच गाडी, मीच मालक, मीच ड्रायव्हर. हंगामात ऊस, एरवी मार्केट यार्डातला गूळ, शिरोलीचं कास्टिंग, रत्नागिरीकडचं मिळेल ते भाडं. बावीस वर्षं स्टिअरिंगवर आहे. हे मोठेपणासाठी सांगत नाही. ‘अडाणी असेल, म्हणून फसला’ असं कुणी म्हणू नये म्हणून सांगतोय.

हंगाम संपल्यावर इंजिनाची काय दशा होते ते ऊस वाहणाऱ्यांना सांगायला नको. टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाच्या पॅकिंगमधून झिरपलेलं तेल, त्यावर फडातली धूळ आणि त्यात रुतलेलं पाचट. बोटभर काळा थर बसतो. तेलात भिजलेलं पाचट एक्झॉस्टजवळ साठलं की पेटायला वेळ लागत नाही, त्यामुळं धुणं गरजेचंच होतं. शिवाय एप्रिलमध्ये पासिंग, म्हणजे आरटीओची फिटनेस तपासणी. आठ वर्षांवरच्या गाडीला दरवर्षी करावं लागतं. तारीख परवावर आली होती आणि नेहमीच्या सर्व्हिसिंगवाल्याकडं दोन दिवस नंबर नव्हता. घाई होती, ती माझीच होती, आणि त्यानं ती बरोबर हेरली.

कोल्हापुरात शिरोली नाक्याजवळ गाड्या उभ्या असतात तिथं तो आला. पांढरा पिकअप, मागं पाण्याची टाकी, कॉम्प्रेसर, प्रेशरची गन. तिशीच्या आतला पोरगा, बोलायला एकदम गोड. “मामा, पासिंगला जाताय न्हवं? सायेब बॉनेट उचलून बघतोय. नव्यागत करून देतो.” धुणं २,५००, वर ‘कोटिंग’ १,०००. पाचशे आगाऊ दिले.

आता जे लिहितोय ते आठवलं की अजून झोप लागत नाही.

मी नुकताच कागलहून आलो होतो. केबिनमधलं बॉनेट उचललं तर वाफ तोंडावर आली. मी म्हटलं, “तासभर थंड होऊ दे.” तो म्हणाला, “गरम असलं की तेल पटकन सुटतंय मामा.” मी म्हटलं, “बॅटरीची निगेटिव्ह काढतो.” तो हसला, “आमचं केमिकल वेगळं हाय, करंटला काय करत न्हाई.” आणि मी ऐकलं. पोटच्या पोराएवढ्या माणसासमोर भित्रा दिसायला नको, एवढ्यासाठी मी हातातला पाना खाली ठेवला.

मग त्यानं डब्यातलं पांढरट पाणी ब्रशनं मारलं. बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरच्या ॲल्युमिनियमच्या झाकणावर पडल्या पडल्या बारीक फेस आला. सोड्याची बाटली उघडल्यावर येतो तसा सूं सूं आवाज, आणि बघता बघता चकचकीत झाकण काळं पडलं. एक थेंब माझ्या बोटावर उडाला होता. चोळलं तर साबणासारखं बुळबुळीत लागलं.

ती बुळबुळ मला माहीत होती! इचलकरंजीच्या कापड प्रोसेसच्या कारखान्यांना कॉस्टिक सोड्याची पोती मी कितीतरी वेळा टाकलीत. फाटक्या पोत्याला हात लागला की अशीच बोटं बुळबुळतात आणि तासाभरानं सालटं निघतं. कॉस्टिक ॲल्युमिनियम खातं हेही तिथल्याच एका फिटरनं सांगितलेलं. मी बोट पाण्याखाली धरलं, त्याला विचारलं, “कॉस्टिक हाय का रे ह्यात?” तो म्हणाला, “छ्या, फॉरेनचं हाय. फेस म्हणजे मळ सुटतोय.” तिथं गाडीची चावी घेऊन त्याला हाकलायला पाहिजे होतं. तीन हजार वाचणं सोडा, पुढचं सगळंच वाचलं असतं. मी बाजूला जाऊन चहा घेतला.

चहा संपेपर्यंत तो गार पाण्याची गन थेट इंजेक्शन पंपावर, म्हणजे इंजिनाला डिझेल पुरवणाऱ्या पंपावर धरून उभा होता. गरम पंपावर गार पाणी कधीच मारू नये. बाहेरचं अंग पटकन आकसतं, आतले प्लंजर, म्हणजे दट्टे, गरमच राहतात, आणि केसाएवढी फट असलेल्या जागी ते धरून बसतात. ट्रॅक्टरवाल्यांना हे पाठ असतं. मला पण होतं.

उरलेले ३,००० घेऊन तो गेला. रात्री आठला गाडी सुरू करायला गेलो तर सेल्फ नुसता टक टक करतोय. फोन केला. वीस मिनिटांत तो एका वायरमनला घेऊन हजर. रात्री आठ वाजता वीस मिनिटांत वायरमन कोल्हापुरात कुणाला मिळतो? ते जवळच थांबले होते, हे मला आज कळतंय. सेल्फ आणि अल्टरनेटर ‘रिवायंडिंगला’ काढून नेलं, दुसऱ्या दिवशी दुपारी बसवलं. ६,२०० रुपये.

गाडी सुरू झाली, पण मिस मारायला, म्हणजे अडखळायला लागली आणि पांढरा धूर. लगेच दोघांनी मान हलवली. “पंपात पाणी गेलंय मामा. कॅलिब्रेशन, म्हंजे पंप खोलून डिझेलचं माप परत लावायला लागणार.” मी म्हटलं, उद्यमनगरातल्या वर्कशॉपात माझे मेस्त्री आहेत, त्यांच्याकडं नेतो. “तिथं आठवडा लागंल, आणि पासिंग उद्या.” १८,५००. बिल मागितलं तर म्हणाले, बिलावर अठरा टक्के जीएसटी पडेल. तेवढे वाचवायला मी बिल सोडलं. त्या बिलाशिवाय आज मला कुणी दारात उभं करत नाही.

पंप त्यांनी खोलून नेला आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बसवून दिला. पासिंगची तारीख गेली ती गेलीच, पुढची घ्यावी लागली. गाडी ओढत नव्हती, काळा धूर टाकत होती. ‘सेटल व्हायला दोन ट्रिपा जातात’ म्हणाले. तिसऱ्या ट्रिपला रत्नागिरीहून माल भरून येताना साखरप्याच्या वर आंबा घाटात गाडीनं जीव सोडला. चढावर, मागं गाड्यांची रांग, टायरला दगड लावून मी रात्र काढली.

उद्यमनगरातल्या माझ्या मेस्त्रींनी पंपावरचा मळ अंगठ्यानं पुसला आणि मला जवळ बोलावलं. पत्र्याच्या पट्टीवरचा नंबर घासून काढला होता. “मामा, हा तुमचा पंपच न्हाई.” ऑगस्ट २०१९ च्या महापुरात माझी गाडी पाण्यात होती, तेव्हा पंप त्यांनीच खोलला होता. त्यांच्या बिलावर पंपाचा नंबर होता. शिवाय तेव्हा पंपाच्या गव्हर्नरच्या, म्हणजे वेग आवरणाऱ्या भागाच्या झाकणावर मी स्वतः पिवळ्या ऑइलपेंटचा ठिपका मारला होता, ओळख राहावी म्हणून. पंप बसवताना तो ठिपका बघितला असता तर तिथंच चोर सापडला असता. बघितला नाही.

सेकंडहँड पंप ३४,००० ला पडला. बसवणावळ २,५००. कॉस्टिकनं खाल्लेली वायरिंग आणि कनेक्टर ३,८००. सेल्फला मुळात काही झालंच नव्हतं, नुसतं टर्मिनलला पाणी होतं, हे मेस्त्रींनी दोन मिनिटांत दाखवलं.

आता पुढचं, ज्यानं चोरापेक्षा जास्त डोकं फिरलं.

पोलीस ठाण्यात पहिल्या दिवशी साहेब बंदोबस्ताला गेले होते. दुसऱ्या दिवशी साहेब होते. “पैसे तुम्हीच दिले ना? मग हा दिवाणी मामला. ग्राहक मंचात जावा.” मी म्हटलं, पंप चोरलाय. “पंप तुमच्याच गाडीचा कशावरून? आरसी बुकात पंपाचा नंबर असतोय का?” नसतो, इंजिन आणि चेसिसचाच असतो, म्हणून तर २०१९ चं बिल घेऊन गेलो होतो. ते त्यांनी हातात पण घेतलं नाही. साधा अर्ज घेतला, पोच द्यायला तयार नव्हते. दीड तास बाकावर बसलो तेव्हा शिक्का मिळाला.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावला. म्हणाले, तुम्ही काम करून घेऊन पैसे दिलेत, हा ऑनलाइन फसवणुकीचा प्रकार नाही. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर नीट ऐकून घेतलं, पण समोरच्याचं नाव-पत्ता पाहिजे. माझ्याकडं काय, एक बंद पडलेला मोबाईल नंबर आणि क्यूआरवर आलेलं कुठल्यातरी मोबाईल शॉपीचं नाव. बँकेत गेलो, खातं कुणाचं सांगा म्हणून. ‘पोलिसांचं पत्र आणा.’ ठाण्यात गेलो. ‘बँकेतून पत्ता आणा, मग बघू.’ अशा माझ्या चार फेऱ्या झाल्या! दर फेरीला अर्धा दिवस. ज्याचं पोट गाडीवर आहे त्यानं न्याय मागायचा तर गाडी उभी ठेवून मागायचा. पाचव्या वेळी एक हवालदार म्हणाले, “सोडून द्या मामा, जास्त काय गेलं नाही.” माझ्या दोन महिन्यांच्या घरखर्चाला ‘जास्त काय नाही’ म्हणतात.

ओळखीच्या वकिलांनी सांगितलं तेव्हा कळलं की पंप दुरुस्तीला म्हणून घेऊन बदलणं हा सरळ गुन्हा आहे. भारतीय न्याय संहितेत विश्वासघाताला ३१६ आणि फसवणुकीला ३१८ कलम. ठाण्यात गुन्हा नोंदवला नाही तर नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३(४) खाली पोलीस अधीक्षकांना लेखी, पोस्टानं कळवता येतं. मी रजिस्टर्ड पाठवलंय. पावती जपून ठेवलीय.

ग्राहक आयोगाचंही एक ऐकून ठेवा. ‘ट्रक म्हणजे धंदा, तुम्ही ग्राहक नाही’ असं मला दोघांनी सांगितलं. चूक आहे. स्वतः चालवून त्यावरच पोट भरणारा माणूस २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ग्राहकच आहे. पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला फी नाही, मुदत दोन वर्षांची.

धुण्याचं म्हणाल तर मेस्त्रींनी नंतर माझ्यासमोर उरलेला मळ काढला. रात्रभर उभी असलेली गार गाडी. आधी बॅटरीची निगेटिव्ह काढली. पाणी तर सोडाच, पहिला अर्धा तास नुसतं पत्र्याच्या पट्टीनं खरवडणं, पाचट वाळलेलंच ओढून काढलं, हवा मारली. अल्टरनेटर, सेल्फ, एअर क्लीनरचं तोंड यांना प्लॅस्टिक पिशव्या बांधल्या. ऑइलचं झाकण आणि पातळी बघायची काडी घट्ट बसलीय का बघितलं, कारण तिथून पाणी गेलं की ऑइल चहासारखं दुधट होतं. मग डिग्रीझर, म्हणजे तेलकट मळ सोडवणारं औषध, ब्रश, दहा मिनिटं थांबून साध्या पाइपचं पाणी, लांबून. पंपाचा भाग ओल्या फडक्यानं पुसला, त्यावर धार मारलीच नाही. रेडिएटरवर प्रेशर नाही, जाळी वाकते. परत हवा, पिशव्या काढून दोन तास उघडं, मग बॅटरी जोडून स्टार्ट. लागलं काय, तर ६०० रुपये आणि एक सकाळ.

डिझेल मारून धुणारेही आहेत. ते रबरी पाइप आणि वायरचं कव्हर मऊ करतं आणि मागं राहिलं तर पेट घेतं. पेट्रोलचं तर नावच काढू नका. आणि धुतलेलं काळं पाणी रस्त्याच्या गटारीत सोडणाऱ्याकडं गाडी लावूच नका. ते जयंती नाल्यातून पंचगंगेत जातं, आणि ज्याला तेवढी फिकीर नाही त्याला तुमच्या इंजिनाची कुठून असणार?

कुठलाही पार्ट गाडीवरून उतरला की आधी नंबरपट्टीचा फोटो. समोरच्याला राग आला तरी चालेल. बिलावर तो नंबर लिहून घ्या. ‘पासिंग उद्या’ असं दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं की गाडी तिथून हलवा. पासिंगची तारीख परत मिळते, मला आठ दिवसांत मिळाली.

घरी हे सांगायला मला चार दिवस लागले. पोराच्या कॉलेजच्या फीसाठी बाजूला ठेवलेले पैसे होते. बायको काही बोलली नाही, ते जास्त लागलं.

उद्यमनगर, गोकुळ शिरगाव, सांगली, मिरज, कुठंही टाटाचा सहा सिलिंडरचा पंप कुणी विकायला किंवा कॅलिब्रेशनला आणला आणि गव्हर्नरच्या झाकणावर पिवळा ठिपका, किंवा तो खरवडल्याची खूण दिसली, तर पट्टीवरचे शेवटचे तीन आकडे बघा. माझ्या पंपाचे ४१७ आहेत. पंप ठेवून घ्या आणि मला कळवा, मी बिल घेऊन त्याच दिवशी येतो.