दूध पचत नाही, मग कॅल्शियम कशातून? गोळी, लॅक्टोज-फ्री दूध की दही-नाचणी

दूध पचत नाही हे एकदा ठरलं की घरातून पहिला सल्ला येतो, "दुधाचं सगळं बंद कर." चार दिवसांनी तीच मंडळी विचारतात, "मग हाडांचं काय?" या दोन वाक्यांच्या मध्ये कुठेतरी तुम्ही अडकला असाल तर हा आढावा तुमच्यासाठी आहे. लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, पचलं नाही की पोटाला गुबारा का धरतो, हे तुम्हाला आतापर्यंत पाठ झालं असणार. ते सोडून देतो.

हिशेबापुरते दोन आकडे मात्र लागतील. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२० साली मोठ्या माणसाच्या कॅल्शियमची रोजची शिफारस ६०० वरून १००० मिलिग्रॅमवर नेली. पाळी गेलेल्या बायकांसाठी ती १२०० आहे. आणि पेलाभर, म्हणजे २०० मिलिलिटर दुधात कॅल्शियम असतं २४० मिलिग्रॅमच्या आसपास. म्हणजे रोज पेलाभर दूध रिचवणाराही पाव टप्पाच गाठतो. आपण काही फार मागे पडलोय अशातला भाग नाही.

दुसरं म्हणजे, त्या पेल्यात लॅक्टोज असतं ९-१० ग्रॅम. दूध न पचणाऱ्या बहुतेकांना एका वेळी, जेवणासोबत, १२ ग्रॅमपर्यंत लॅक्टोज फारसा त्रास न होता चालतं, असं अभ्यास सांगतात. प्रत्येकाचं पोट वेगळं. माझं स्वतःचं उपाशीपोटी अर्ध्या पेल्यालाही कुरकुर करतं, पण चहातल्या दुधाला कधी काही म्हणालेलं नाही. तेव्हा चहा वेगळ्या पातेल्यात करायला लावून घरच्यांचा जीव खाण्याआधी एकदा बघून घ्या.

आता उमेदवार.

कागदावर सगळ्यात सरळ उमेदवार लॅक्टोज-फ्री दूध. दुधातली साखर आधीच फोडून ठेवलेली असते, कॅल्शियम जिथल्या तिथे. सवयी बदलायच्या नाहीत, नवं काही शिकायचं नाही. खोट एवढीच की लॅक्टोज फुटून जे ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज होतं ते जिभेला जास्त गोड लागतं. कॉफीत, दूध-पोह्यात हे खपून जातं, उलट साखर वाचते. पण दूध-भाकरी कुस्करून वर लसणाची चटणी घेणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला ते दूध परकंच वाटतं. साध्या दुधापेक्षा महाग पडतं आणि लहान गावात सहज मिळेलच असंही नाही. तरीही, घरात शाळकरी मूल असेल आणि त्याला दूधच हवं असेल, तर हाच पर्याय घ्या. तिथे माझ्या आवडीनिवडीचा काही संबंध नाही.

सोयाच्या दुधाबद्दल थोडक्यात. सोयाच्या दुधात मुळात कॅल्शियम फार कमी, गाईच्या दुधाच्या पाव हिश्श्याच्या आसपास. वरून घातलेलं असेल तरच अर्थ आहे, आणि ते पाकिटावर लिहिलेलं असतं. घातलेलं कॅल्शियम तळाशी बसतं, म्हणून दर वेळी पाकीट जोरात हलवायचं. नाहीतर वरवरचं पांढरं पाणी आपण पितो आणि औषध पिशवीबरोबर कचऱ्यात जातं. बदामाच्या दुधाचंही तेच. टोफूच्या बाबतीत तो कशानं साकळलाय ते बघायचं. कॅल्शियम सल्फेटनं साकळलेला असेल तर उत्तम, मॅग्नेशियमच्या क्षारानं असेल तर त्यात प्रथिनं आहेत, कॅल्शियम बेताचंच.

खरी लढत माझ्या मते गोळी विरुद्ध दही-नाचणी अशी आहे. गोळी मी मन लावून घेतली आहे, म्हणून तिच्यावर जरा सविस्तर बोलतो.

आकड्यांत गोळीला कोणी हरवू शकत नाही. मेडिकलमध्ये मिळणाऱ्या नेहमीच्या गोळीत १२५० मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट असतं, त्यातलं ४० टक्के, म्हणजे ५०० मिलिग्रॅम, निव्वळ कॅल्शियम. एक गोळी आणि निम्मा दिवस वसूल! बहुतेकींत ड जीवनसत्त्वही असतं, जे दह्यात किंवा नाचणीत मोजण्याइतकं मिळत नाही. कार्बोनेटऐवजी कॅल्शियम सायट्रेटची गोळी घेतली तर निव्वळ कॅल्शियम २१ टक्केच, म्हणून गोळ्या मोठ्या किंवा जास्त. पण ती पोटातल्या आम्लावर अवलंबून नसते, जेवणाआधी-नंतर कधीही चालते. कार्बोनेटला आम्ल लागतं, म्हणून ती जेवणासोबतच घ्यायची. तुम्ही रोज ॲसिडिटीची गोळी घेत असाल तर डॉक्टरांना सायट्रेटबद्दल जरूर विचारा.

कार्बोनेटचा आणखी एक गमतीचा भाग. आम्लाशी त्याची गाठ पडली की वायू तयार होतो आणि ढेकर येतात. ज्या माणसानं गॅसला कंटाळून दूध सोडलं, त्याला डॉक्टर गॅस करणारी गोळी देतात. सगळ्यांना होतं असं नाही. काहींना बद्धकोष्ठता होते, मला तीही झाली नाही. हे सगळं मी सहज सोसलं असतं.

मला नडलं ते वेळापत्रक. मी थायरॉइडची गोळी घेतो, सकाळी उठल्या उठल्या, उपाशीपोटी. तिच्या आणि कॅल्शियमच्या मध्ये चार तास अंतर हवं, नाहीतर कॅल्शियम तिला शोषूच देत नाही. म्हणजे सकाळच्या नाश्त्याला कॅल्शियम नाही. एका वेळी ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त घेऊन उपयोग नाही, कारण मात्रा वाढेल तसं शोषलं जाण्याचं प्रमाण घटतं; तेव्हा दिवसाच्या दोन्ही गोळ्या रात्री घेऊन मोकळं होता येत नाही. उरलं दुपारचं जेवण. दुपारचं जेवण ऑफिसात, आणि स्ट्रिप घरी. एक स्ट्रिप ऑफिसच्या खणात ठेवली तर ती संपलेली असायची त्याच दिवशी घरचीही संपलेली असायची. मध्येच रक्त कमी निघालं म्हणून लोहाची गोळी सुरू झाली. लोह आणि कॅल्शियम एकमेकांच्या वाटेत येतात, त्यांना वेगळी वेळ हवी. मग लोह रात्री झोपताना, कॅल्शियम जेवताना, आणि जेवण उशिरा झालं की सगळीच गाडी पुढे.

त्याहून वाईट म्हणजे संशय. दुपारी चार वाजता मनात यायचं, घेतली की नाही? स्ट्रिपमध्ये मोकळी खळगी दिसते, पण ती आजची की कालची, कोण सांगणार? वारांची छोटी डबी आणली, ती भरायला विसरलो. फोनवर गजर लावला, तो मीटिंगमध्ये वाजला की बंद करायचा आणि विसरायचं. हे ऐकून तुम्ही म्हणाल, माणूसच वेंधळा आहे. असेलही. पण कॅल्शियम हे काही आठवड्याभराचं औषध नव्हे, वर्षानुवर्षं चालवायचं काम आहे, आणि इतकी वर्षं सावध राहायला लागणारी गोष्ट माझ्याकडून होणार नाही हे मला लख्ख दिसलं. पानात दही वाढलेलं असतं तेव्हा ते खाल्लं की नाही असा प्रश्न पडत नाही.

म्हणून दही. आणि इथे "दुधाचं सगळं बंद" हा सल्ला आडवा येतो. विरजणातले जिवाणू लॅक्टोजचा काही भाग दही लागतानाच खाऊन टाकतात; उरलेलं पचवायला ते आपल्या आतड्यात जाऊनही मदत करतात, कारण त्यांच्याकडे स्वतःचं लॅक्टेज, म्हणजे लॅक्टोज फोडणारं पाचक द्रव्य, असतं. १५० ग्रॅमची वाटी धरली तर कॅल्शियम १८० मिलिग्रॅमच्या आसपास, लॅक्टोज साधारण ६ ग्रॅम. दुपारी एक, रात्री एक. माझ्या पोटानं यावर कधी तक्रार केलेली नाही. तुमच्या पोटाबद्दल मी हमी देणार नाही, पण दोन चमच्यांपासून सुरुवात करून बघायला काही बिघडत नाही. चांगलं आंबू दिलेलं दही अधिक सोसतं असा माझा अनुभव. सकाळी लावलेलं आणि संध्याकाळपर्यंत जेमतेम जमलेलं गोडसर दही मात्र मी टाळतो.

दह्याच्या घराण्यात सगळेच सारखे नाहीत, एवढं लक्षात ठेवा. ताक फसवं असतं. पेलाभर ताक प्यायलं म्हणजे पेलाभर दह्याचं कॅल्शियम मिळालं असं वाटतं. एकास तीन पाणी घातलं असेल तर खरं दही पाव पेलाच. हॉटेलातल्या मसाला ताकाबद्दल तर बोलायलाच नको. ताक प्यायचंच तर दाट करा. कढीत दही उकळलं की जिवाणू मरतात, म्हणून दही जितकं सोसतं तितकी कढी सोसेलच असं नाही. चक्क्याचा मामला उलटा आहे. फडक्यात टांगल्यावर जे हिरवट पाणी गळतं त्यातून लॅक्टोज जातं हे खरं, पण दही आंबट झाल्यामुळे त्यातलं बरंचसं कॅल्शियमही पाण्यात उतरलेलं असतं, तेही त्याबरोबर जातं. श्रीखंड सोसेल, पण ते श्रीखंड म्हणून खा, कॅल्शियम म्हणून नको. ते पाणी कणीक भिजवायला वापरणाऱ्या आज्यांचं कौतुक, फक्त आपल्यासारख्यांनी त्यात लॅक्टोजही आहे हे विसरू नये. पनीर या सगळ्यात बरं. लिंबू पिळून फाडताना काही कॅल्शियम निवळीत जातं, तरी उरतं तेही भरपूर असतं, आणि लॅक्टोज थोडं.

नाचणीचं आपल्याकडे कौतुक भरपूर, आणि ते बऱ्याच अंशी खरंही आहे. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या तक्त्यात १०० ग्रॅमला ३६४ मिलिग्रॅम. तांदूळ-गहू जवळपासही येत नाहीत. यातलं सगळं अंगी लागतं असं नाही, कारण दाण्यातलं फायटेट काही कॅल्शियम धरून ठेवतं. मोड आणून किंवा आंबवून ते कमी होतं, म्हणून आंबील ही शहाणी गोष्ट आहे. मात्र भिजवून, वाटून, फडक्यातून गाळून केलेलं पांढरंशुभ्र सत्त्व हाडांसाठी देत असाल तर जरा थांबा. नाचणीचं कॅल्शियम मुख्यतः सालीकडच्या भागात असतं, आणि फडक्यात उरलेला चोथा आपण फेकतो. मोड आणून, वाळवून, भाजून, सालीसकट दळलेलं पीठ त्यापेक्षा कामाचं. तयार माल्टच्या डब्यांवर "मिल्क सॉलिड्स" लिहिलंय का तेही बघा, नाहीतर नाचणीच्या नावानं दुधाची पावडरच पोटात जायची.

रात्रीच्या दोन नाचणीच्या भाकऱ्या, म्हणजे ऐंशीएक ग्रॅम पीठ, कागदावर २९० मिलिग्रॅम. सोबत कुळथाचं पिठलं असेल तर आणखी ८०. मासे खाणाऱ्यांनी मांदेली कुरकुरीत तळून काट्यासकट चावावी. सुरमईच्या तुकड्यात कॅल्शियम शोधू नये, ते काट्यांत असतं आणि काटे आपण ताटाच्या कडेला काढतो. पालकावर भिस्त ठेवू नका, कॅल्शियमला बांधून ठेवणाऱ्या ऑक्झलेटमुळे त्यातलं जेमतेम ५ टक्के शोषलं जातं. मेथी, शेवग्याचा पाला बरे. तिळाचा आकडा डोळे दिपवणारा आहे, हजाराच्या वर, पण तो सालीसकट तिळाचा, आणि सालीतलं कॅल्शियम ऑक्झलेटमध्येच अडकलेलं. चटणी आवडते म्हणून खावी. आणि गव्हाच्या दाण्याएवढा चुना रोज खायचा सल्ला कोणी फोनवर पाठवला, तर तो पुढे पाठवू नका. तोंड आणि अन्ननलिका पोळवणारी वस्तू आहे ती.

बेरीज केली तर माझ्या दिवसाचे दह्याचे ३६०, भाकरीचे २९०, पिठलं-भाजी-डाळींचे मिळून दोनएकशे. हजाराला थोडं कमी, आणि नाचणीचं किती अंगी लागतं त्यावर आणखी थोडं खाली-वर. गोळीच्या नेमक्या आकड्यापुढे हे ढोबळ दिसतं, मान्य. पण वर्षभराचा हिशेब मांडला तर विसरलेल्या गोळ्यांपेक्षा खाल्लेलं दही जास्त भरेल, असं मला वाटतं.

तुमचं गणित वेगळं असू शकतं. हाडं ठिसूळ झाल्याचं तपासणीत निघालं असेल, पाळी गेली असेल, स्टेरॉइडवर असाल, किंवा दह्याचा वासही नको असेल, तर डॉक्टरांनी लिहिलेली गोळी बंद करू नका. मुतखडा झाला असेल तर गोळी आपल्या मनानं सुरूही करू नका. दुसरी कुठलीही गोळी चालू नसेल आणि घरी दोन वेळ जेवत असाल तर माझी तक्रार तुम्हाला लागूच होत नाही, गोळी तुम्हाला छान जमेल. दही-नाचणीकडे वळणार असाल तर आधी रक्तातलं ड जीवनसत्त्व तपासून घ्या. ते कमी असेल तर वाटीतलं कॅल्शियमही नीट शोषलं जात नाही. माझं कमी निघालं होतं, म्हणून त्याची आठवड्याची एक गोळी मी अजूनही घेतो, रविवारी, दुपारच्या जेवणानंतर.