"ताई, तुमचं हाड सरकलंय"

सातव्या महिन्यात एका रात्री कूस बदलताना दोन मांड्यांच्या मधोमध, अगदी समोरच्या हाडात अशी कळ आली की मी ओरडलेच. नवरा दचकून उठला. मी म्हटलं, पेटका आला. पुढे जे झालं त्याची सुरुवात खरं तर या पेटक्यापासून. नेमकं कुठे दुखतंय ते मी कुणालाच सांगितलं नाही.

आम्ही नाशिकच्या सिडकोत राहतो, तिसरा मजला, लिफ्ट नाही. दोन आठवड्यांत अशी गत झाली की सलवार घालायला एक पाय उचलवेना, रिक्षात चढताना दांडा धरून आधी देवाचं नाव घ्यावं लागे. सासूबाई म्हणाल्या, "पोटुशीला दुखायचंच. आम्ही नवव्यापर्यंत हंडे वाहिले." तपासणीला गेले तर बाहेर ही रांग. बीपी, वजन, बाळाचे ठोके, आणि "काही त्रास?" मी म्हटलं, "कंबर जरा दुखते." डॉक्टरांनी कॅल्शियम चालू ठेवायला सांगितलं. त्यांना दोष देत नाही. कंबर दुखत नव्हतीच.

मग मोबाईलवर एक रील आली. पांढरा कोट घातलेला माणूस विचारत होता, "कूस बदलताना कळ येते? एका पायावर उभं राहता येत नाही? चालताना आत कट्‌कट वाजतं?" मला रडूच आलं. घरातल्या कुणाला कळलं नाही ते या परक्या माणसाला ठाऊक होतं!

त्याचं सेंटर गंगापूर रोडच्या बाजूला. नाव लिहीत नाही, वाद अजून मिटलेला नाही. आत प्लास्टिकचा सांगाडा, भिंतीवर चार फ्रेम, मंद संगीत. मला टेबलावर उताणं झोपवलं, दोन्ही टाचा जुळवल्या आणि नवऱ्याला दाखवलं, "बघा, डावा पाय सेंटीमीटरभर लांब." मग सांगाड्यावर बोट ठेवून म्हणाला, "ताई, तुमचं हाड सरकलंय. पुढचा सांधा उघडलाय. असंच राहिलं तर बाळ अडकणार. सिझर पक्कं." हे ऐकून आधी पर्स उघडली ती हंडे वाहिलेल्या सासूबाईंनी.

बारा सिटिंगचे 15,000, "आज भरले तर, उद्यापासून 20,000." 'इम्पोर्टेड' बेल्ट 4,500. तेल 1,500. एकूण 21,000. यूपीआयवर भलत्याच बाईचं नाव आलं, ते त्याच्या वहिनीचं म्हणे. पावती म्हणून वहीच्या पानावर 'अ‍ॅडव्हान्स मिळाला' इतकंच. अंबडच्या कंपनीत खरेदी खातं सांभाळणारा माझा नवरा, बिलाशिवाय एक नट घेत नाही. तोही गप्प बसला. बाळ अडकणार म्हटल्यावर घासाघीस कोण करणार?

उपचार म्हणजे अर्धा-पाऊण तास उताणं झोपवून दोन्ही गुडघे बाहेर दाबायचे. दुखतं म्हटलं की "दुखणारच, हाड बसतंय." उताणं पडून मला गरगरायचं, तेही "नॉर्मल." चौथ्या दिवशी काहीतरी कट्‌कन वाजलं. तो खूश, "बसलं बघा!" त्या दिवशी मायको सर्कलपासून घरापर्यंतचा एकेक स्पीडब्रेकर मी मोजला. आणि तीन मजले जिन्यावर बसून, मागे सरकत, एकेक पायरी चढले.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना लाज सोडून बोट ठेवून दाखवलं. त्यांनी आधी लघवी तपासली, जळजळ, रक्तस्राव, पोट ठरावीक वेळाने कडक होणं हे सगळं विचारलं, कारण त्या दुखण्यांची वाट वेगळी. मग तिथल्याच फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं. त्या मॅडमनी पहिलं वाक्य उच्चारलं, "काही सरकलेलं नाही."

याला पेल्विक गर्डल पेन म्हणतात. ओटीपोटाच्या हाडांच्या कड्यात पुढे एक आणि मागे दोन सांधे. गरोदरपणात ते थोडे सैल होतातच, त्यात पोटाचा भार आणि बदललेली चाल. मग सगळे सांधे समान हलत नाहीत आणि भोवतालचे स्नायू ताणले जातात. साधारण पाचातल्या एकीला हे होतं. पाचातल्या एकीला! आणि आमच्या बिल्डिंगमध्ये याचा शब्द कुणाकडे नाही, म्हणून तो विकत घ्यावा लागला. पायाच्या लांबीचं विचारलं तर मॅडमनी मला जरा तिरकी झोपवून उजवा पाय 'लांब' करून दाखवला. यामुळे सिझर ठरत नाही, बहुतेकींची बाळंतपणं नेहमीसारखीच होतात, हेही सांगितलं.

फुकटात मिळालं ते असं: कूस बदलताना गुडघे जुळवून, आख्खं अंग एकदम वळवायचं. झोपताना गुडघ्यांमध्ये उशी. कपडे बसून घालायचे. रिक्षातून उतरताना दोन्ही पाय एकत्र बाहेर. जिन्यावर एका वेळी एकच पायरी, चढताना कमी दुखणारा पाय आधी. मांडी घालून बसणं बंद (डोहाळजेवणाला मी पाटाऐवजी खुर्चीवर बसले, चार बायकांनी नाकं मुरडली). सोबत थोडे व्यायाम. दुखणं गेलं नाही, पण आवाक्यात आलं. बेल्टचा काहींना उपयोग होतो, चालताना लावा म्हणाल्या. हातातला बेल्ट उलटा केला आणि नखाने स्टिकर खरवडलं. खाली छापील किंमत 640.

घरी येऊन नवऱ्याने पहिल्या दिवशी सांगाड्याशेजारी काढलेला माझा फोटो मोठा करून पाहिला. मागच्या फ्रेममधलं प्रमाणपत्र तीन दिवसांच्या मसाज शिबिराचं. फिजिओथेरपिस्टची महाराष्ट्रात परिषदेकडे नोंदणी असते, क्रमांक विचारला तर खरा माणूस रागावत नाही. आम्ही विचारलाच नव्हता.

पैसे मागितले तर "पॅकेज नॉन-रिफंडेबल." कुठे लिहिलंय? उत्तर नाही. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. यूपीआयचा स्क्रीनशॉट, वहीचं पान, स्टिकरचा फोटो जोडला. दहा दिवसांनी उरलेल्या आठ सिटिंगचे 10,000 न देता 'चार्जेस' कापून 8,000 आले.

प्रसूतीच्या आधी मॅडमनी गुडघे कितपत उघडले तर दुखत नाही ते टेपने मोजून फाइलवर लिहिलं होतं. नर्सने ते वाचून मला कुशीवरच ठेवलं. मुलगी झाली, नॉर्मल. आता चार महिन्यांची आहे. राहिलेले 13,000 नवरा बुडीत धरतो. जिल्हा ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या दाव्याला फी नाही आणि मुदत दोन वर्षांची. अर्ज लिहून झालाय, ती झोपली की टाइप करते.