सभागृहातलं व्याख्यान की गल्लीतला फेरफटका?

गोव्याची वास्तुकला आणि शहररचना समजून घ्यायची, तर पणजीत दोन वाटा आहेत: सभागृहात बसून व्याख्यान ऐकायचं, नाहीतर जाणकारासोबत फोंतेन्हास या जुन्या वस्तीत सकाळी फिरायचं. माझा कल फेरफटक्याकडे आहे.

कारण चिरा, म्हणजे जांभा दगड, हाताला लागतो. खाणीतून काढताना मऊ असलेला हा दगड हवा लागली की टणक होतो, हे स्लाइडवर दहा वेळा पाहिलं होतं. पण गिलावा निघालेल्या भिंतीवर बोट फिरवलं, तेव्हा त्यातली भोकं कळली. जुन्या खिडक्यांत काचेऐवजी चौकोनी कापलेले शिंपले बसवलेले असतात. त्यातून येणारा दुधी उजेड कुठल्याच प्रोजेक्टरवर दिसत नाही. मात्र या घरांत माणसं राहतात. दारात घोळका करून मोठ्याने बोलू नये.

व्याख्यानाची ताकद वेगळी. गोव्यातली जमीन कशासाठी वापरायची हे ठरवणारा, २०११ पर्यंतचा ‘प्रादेशिक आराखडा २०११’ लोकांच्या विरोधामुळे २००७ मध्येच रद्द झाला. असा विषय गल्लीत उभं राहून समजत नाही. त्याला नकाशे लागतात, शेतजमिनीचे रंग एकेक करून दाखवणारा माणूस लागतो, आणि शेवटी प्रश्न विचारायला वेळ लागतो. पावसाळ्यात तर सभागृहच बरं.

वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी रचलेली कला अकादमीची इमारत मात्र दोन्हीकडे बसते. आधी तिचा आराखडा ऐका, मग कांपालला मांडवीच्या काठी जाऊन पाहा. पहिल्यांदाच जाणाऱ्याने फेरफटका निवडावा, आणि पायांत जुन्या चपला घालाव्यात.