गाईडच्या हातातली दोरी, सहा महिने वापरल्यावर

आधीच सांगते, मी डोळस आहे. माझी जोडीदार पॅरा-ॲथलेटिक्सच्या टी११, म्हणजे अंध धावपटूंच्या गटात पळते. तिला दिसत नाही, तरी शर्यतीत डोळ्यांवर पट्टी लावावीच लागते, म्हणजे या गटात कुणाला किंचित उजेड जाणवत असला तरी त्याचा फायदा मिळू नये. मी तिची गाईड, म्हणजे दोरीचं दुसरं टोक धरून तिच्या शेजारी पळणारी. चार वर्षं आमच्या दोघींमध्ये बुटाची एक लेस होती. दोन टोकांना दोन फास, एक तिच्या उजव्या हातात, एक माझ्या डाव्या. सहा महिन्यांपूर्वी तयार टेदर, म्हणजे याच कामासाठी बनवलेली दोरी, घेतला.

खरं तर हा दुसरा. पहिला वेगळ्याच विक्रेत्याकडून मागवला होता, वर्णनात 'स्पर्धेसाठी योग्य' असं ठळक अक्षरांत. आला तो इलॅस्टिकचा! ताणणारा टेदर स्पर्धेत चालतच नाही, कारण ताणलेली दोरी मागे राहिलेल्याला पुढे खेचते. पहिल्याच सरावात मी अर्धं पाऊल मागे पडले आणि माझा हात गलोलीतल्या खड्यासारखा पुढे गेला. ती म्हणाली, "ताई, मी पळतेय की तुला ओढतेय?" विक्रेता तो परत घ्यायला तयार झाला नाही, ते वेगळंच.

हा मात्र चपट्या विणीचा, अजिबात न ताणणारा. सगळ्यात मोठा गुण म्हणजे घामानं निसटत नाही. लेस चिंब झाली की फास बोटांवरून सरकायचा आणि शेवटच्या पन्नास मीटरमध्ये माझं निम्मं लक्ष बोटांकडे. दोरी सुटली तर काय होतं ते २०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकच्या मॅरेथॉनमध्ये दिसलं. स्पेनची एलेना काँगोस्ट तिसरी येत होती. अगदी शेवटी गाईडच्या पायात गोळे आले, त्याला सावरायला तिनं क्षणभर दोरी सोडली आणि बाद झाली. नियम आहे, मान्य. पटत मात्र अजून नाही.

दोष शिवणीत आहे. फासाची शिवण आतल्या बाजूला आहे आणि ती धारदार आहे. चारशे मीटरचे चार फेरे झाले की तिच्या करंगळीच्या बुडाशी लाल रेघ उठायची. मी फास उलटा करून वापरायला लागले, तेव्हा थांबलं. बनवणाऱ्यानं स्वतः एकदा हातात घालून पळून बघायला हवं होतं.

लांबीबद्दल मात्र नीट विचार केलेला दिसतो. आमचे बांधलेले हात एकत्र पुढे जातात, म्हणून तिचा डावा पाय पुढे पडतो तेव्हा माझा उजवा. आरशाशेजारून पळावं तसं. दोरी आखूड असेल तर खांदे आपटतात, लांब असेल तर ती मधेच झोळ खाते आणि तिला माझा हात 'ऐकू' येत नाही. हा शब्द तिचा.

एका दोरीवर एवढं काय लिहायचं, असं वाटेल. पण ट्रॅकवरचं सगळ्यात स्वस्त साधन हेच. धावायचा ब्लेड, म्हणजे कृत्रिम पाय, हवा तर माप घेणारा तज्ज्ञ हवा, तो पायाला बसवायचं सॉकेट हवं, दुरुस्ती हवी. रेसिंग व्हीलचेअर तर अंगावर शिवल्यासारखी बनवून घ्यावी लागते. छोट्या देशांची पदकं बघताना माझं लक्ष म्हणूनच आधी गटाकडे जातं. २०१६ ला रिओत नामिबियाच्या अनानियास शिकोंगोनं टी११ ची दोनशे मीटर जिंकली, दोरीच्या दुसऱ्या टोकाला इव्हन त्जिविजू. त्याच रिओत केप व्हर्डेला पहिलं पॅरालिम्पिक पदक मिळवून दिलं ग्रासेलिनो बार्बोसानं, टी२० च्या चारशे मीटरमध्ये, म्हणजे बौद्धिक अक्षमतेच्या गटात. साधन म्हणाल तर नुसते बूट. आणि २०१२ ला लंडनमध्ये फिजीचा इलिएसा डेलाना ब्लेडशिवाय एका पायावर लंगडी घालत आला आणि १.७४ मीटर उंच उडाला. आपला गिरीशाही १.७४ च उडाला होता, पण सोनं डेलानाकडे गेलं. ऑलिम्पिक आणि पॅरालिम्पिक दोन्ही धरून फिजीचं ते पहिलं पदक.

फक्त दोरीचं दुसरं टोक स्वस्त नसतं. तिथं एक माणूस लागतो, त्याला तिकीट लागतं, खोली लागते, आणि तो आपल्या धावपटूपेक्षा वेगवान असावा लागतो. वर त्यानं शेवटच्या रेषेवर मागे राहायचं. आधी पोचला तर जोडी बाद. शिवाय एका जोडीला दोन लेन, म्हणजे आठ लेनच्या ट्रॅकवर चारच जोड्या. टोकियोत केप व्हर्डेच्या केउला सेमेदोला तिच्या गाईडनं, मानुएल वाझ दा वेगानं, शर्यतीनंतर ट्रॅकवरच गुडघ्यावर बसून मागणी घातली. ती प्राथमिक फेरीतच बाहेर पडली होती. सगळ्यांनी त्यात प्रेम पाहिलं. माझ्या मनात आलं, एवढ्याशा बेटांच्या देशानं दोघांना इथवर पाठवलं! गियोम ज्युनियर आतांगाना तर टोकियोत कॅमेरूनकडून चौथा आला आणि पॅरिसमध्ये निर्वासितांच्या संघाकडून टी११ च्या चारशे मीटरमध्ये कांस्य घेऊन गेला. गाईड डोनार्ड न्दिम न्याम्जुआ, तोही निर्वासितच.

टेदर घेणार असाल तर मधलं माप घ्या. लहान मापात दोघींना सुरुवातीच्या ब्लॉकमध्ये नीट बसता येत नाही. फास उलटा करायला विसरू नका. मी जोडीदाराला म्हटलं, अजून एक मागवून ठेवू, ऐनवेळी हरवला तर? तिनं बॅगेच्या चेनला बांधलेली जुनी लेस चाचपून दाखवली.